कॉलिनचं अडकणारं नेट

कॉलिन पेंगेलीने शेडमधला हवेचा कॉम्प्रेसर लॅपटॉपवर मारला, तेव्हा धुळीबरोबर एक बटणही उडालं आणि मेंढ्यांच्या उरलेल्या खाद्याच्या पोत्यांमागे जाऊन पडलं. ज्या हवेने गव्हाचं कापणीयंत्र साफ होतं, त्याच हवेने अकरा वर्षांचा लॅपटॉप साफ करणारा माणूस या मुलखात वेडा ठरत नाही. इथे सगळे हेच करतात आणि सगळ्यांचीच बटणं उडतात. अर्धा तास गुडघ्यांवर रांगून झालं, बटण काही मिळालं नाही. मग चार शिव्या हासडून त्याने त्या खळग्यावर चिकटपट्टी लावली. नेट होतं तसंच अडकत राहिलं.

एरवी त्याला नेटचं सोयरसुतक नव्हतं. हवामान रेडिओवर कळायचं आणि मेंढ्यांचे भाव कुणीतरी सांगायचंच. पण मुलगी नरेल चौदा वर्षांपासून कॅनडात, कॅल्गरीला. दर रविवारी सकाळी दहाला ती, कधी नात टेसही, पडद्यावर यायची. बायको व्हॅल गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून कॉलिनच्या आठवड्यात वार असा तेवढा एकच उरला होता. बाकीचे सहा नुसते ढकलायचे.

गेल्या रविवारी नरेल तिसऱ्यांदा अडकली. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. सुटली तेव्हा वैतागलेलीच होती.

"बाबा, हे असं किती दिवस चालायचं? निम्मा वेळ 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच जातो. टेस तर आता बसायलाच तयार नसते."

"करतो गं दुरुस्त."

"नाही झालं तर आपण महिन्यातून एकदा साधा फोनच करू या. उगाच दोघांनाही त्रास."

तिने 'दोघांनाही' म्हटलं ते कॉलिनला लागलं. त्याला कसलाही त्रास नव्हता. एक डोळा मिटलेली का होईना, मुलगी दिसत होती. पण हे बोलून दाखवायची रीत पेंगेलींच्या घराण्यात नाही. तो म्हणाला, "बघतो. पुढच्या रविवारी बघच तू."

सोमवारी त्याने लॅपटॉपमधलं नको ते सगळं पुसलं. म्हणजे त्याला जे नको वाटलं ते. त्यात दोन-तीन कामाच्या गोष्टीही गेल्या असाव्यात, कारण मंगळवारी लॅपटॉप सुरू व्हायलाच चहाचा एक कप संपला. नेटचा डबा बंद करून चालू केला, पुसला, फ्रिजवरून काढून खिडकीत ठेवला. बुधवारी नाइलाजाने कंपनीला फोन लावला. पाऊण तास तेच ते संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली. आवाज गोड होता, पण कॉलिनच्या मते अक्कल बेताची.

"सर, तुमच्या नेटवर किती जण आहेत?"

"मी एकटा."

"नाही सर, मला इथे सात दिसतायत."

"बाई, या घरात तीन वर्षांत सात माणसं एकत्र जमलेली नाहीत. दफनाच्या दिवशी जमली होती तेवढीच."

मुलगी पासवर्ड बदलायचा सल्ला देऊ लागली. कॉलिनने आभार मानून फोन ठेवला. पासवर्ड कसला बदलायचा? तो मुळात नव्हताच.

गुरुवारी नोला टपाल घेऊन आली. नोला शुबर्ट या रस्त्याची टपालवाली, समोरच्या सार्वजनिक हॉलच्या समितीची सेक्रेटरी आणि गावाची स्वयंघोषित सासू. घंटा न वाजवता ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि किटली चढवूनच बोलायला लागली. ही इथली पद्धतच. दार ढकलायचं, चहा करून घ्यायचा, कप विसळून ठेवायचा. घरधनी असो वा नसो.

"लॅपटॉपला मलमपट्टी कसली केलीयस?"

"हसू नकोस. नेट अडकतं म्हणून नरेल महिन्यातून एकदाच फोन करू म्हणते. आणि ती कंपनीची पोरगी म्हणते, तुझ्या नेटवर सात जण आहेत. भुतंखेतं दिसतात की काय त्यांना तिथे बसून!"

नोला गप्प झाली. नोला गप्प झाली की गावात लोक कोण गेलं म्हणून विचारतात.

"कॉलिन, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

तिने खिडकीतून समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे हॉलचं मैदान. पेन्शनीत निघालेली म्हातारी जोडपी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन देश हिंडतात, ती तिथे एक-दोन मुक्काम टाकतात. निलगिरीखाली खुर्च्या मांडून चार-पाच जण बसले होते आणि प्रत्येकाचा हात फोन धरून वर गेलेला होता.

"तिथे बोर्ड आहे," नोला म्हणाली. "'नेट फुकट. झाडाखाली उत्तम मिळतं. समोरच्या घराच्या कृपेने.' व्हॅलनेच लिहायला लावला होता. म्हणाली, वाटसरूला आपण पाणी देतो ना, मग हे काय वेगळं?"

"मला कोणी बोललं नाही ते!"

"तू कापणीवर होतास. कापणीवर असलास की तुला घर पेटलं तरी संध्याकाळीच सांगावं लागतं."

कॉलिन खिडकीशीच उभा राहिला. म्हणजे दर रविवारी दहाला, तो इथे पडद्यावर थापट्या मारत असताना, समोरचं सगळं मैदान त्याच्याच नेटवर आपापल्या नातवंडांशी बोलत होतं. त्याला आधी राग आला, आणि मग रागावण्यासारखं नेमकं काय आहे ते सापडेना.

"कुलूप घालून टाक. दोन मिनिटांचं काम आहे," नोला म्हणाली.

"या घराची किल्लीसुद्धा कुठे आहे ते मला ठाऊक नाही, नोला. बापाने कधी दार लावलं नाही. आता हवेला कुलूप घालू?"

"मग मुलीला महिन्यातून एकदा भेट."

कॉलिन खिडकीपासून मागे सरला. नोलाने लॅपटॉप ओढला, चिकटपट्टीला नाक मुरडलं आणि खरंच दोन मिनिटांत पासवर्ड घालून दिला. जाताना कप विसळून ठेवला.

रविवारी सकाळी कॉलिनने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पावणेदहाला दारावर टकटक झाली. या दारावर टकटक करतो तो परकाच. समोरच्या मुक्कामातली एक बाई उभी होती, हातात बिस्किटांचा डबा, मागे तिचा नवरा टोपी काढून.

"माफ करा हं, नेट बंद पडलंय का? आमचा नातू आज वाट बघत बसणार."

"बिघडलंय," कॉलिन म्हणाला. सत्तर वर्षांत या उंबऱ्यावर तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अरेरे! म्हणजे तुमचीही पंचाईत. हे घ्या, तुमच्यासाठीच केलीत. इतकी वर्षं तुमचं नेट वापरतोय आम्ही, दर वर्षी इथेच थांबतो. काल शेकोटी केली होती, यायचं ना बसायला."

"बघू, पुढच्या वेळी."

"आता पुढच्या वर्षी! आज निघतो आम्ही. पुढच्या गावात तरी नेट मिळेल."

दहाला पाच मिनिटं असताना मैदानातल्या खुर्च्या मिटल्या. एकामागून एक कॅरव्हॅन रस्त्याला लागल्या आणि धूळ खाली बसली तेव्हा समोर कोणी नव्हतं.

बरोबर दहाला नरेल पडद्यावर आली, आणि कॉलिन थक्क झाला. आरशात दिसावी इतकी स्वच्छ! तिच्या भांगात पांढरे केस होते, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. मागे भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा फिरताना दिसत होता. नरेलच्या अंगात कोट होता.

"बाबा! किती छान दिसताय! झालं की दुरुस्त."

"म्हटलं होतं ना!"

मग पाऊस झाला का, झाला. टेस कशी आहे, बरी आहे. गुडघा कसा आहे, आहे तसाच. मेंढ्या? त्या विकल्या की मागच्या वर्षी. हो हो, बोलला होतात. चार मिनिटांत सगळं संपलं. एरवी हेच सगळं अडकत-अडकत पाऊण तास पुरायचं. कॉलिनने बिस्किटांचा डबा उचलून दाखवला, पण तो कुणी दिला ते सांगायला गेला तर कुलपाचं सांगावं लागलं असतं, म्हणून खाली ठेवला. दोघंही हसून एकमेकांकडे पाहत राहिले. नरेलची नजर एकदा खाली गेली. तिच्या हातात गाडीची किल्ली होती.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबा, ऐकू येतंय का? तुमचं चित्र अडकलं बहुतेक. आवाज तुटतोय."

तिच्या मागे सेकंदकाटा फिरत होता.

कॉलिन उत्तर द्यायला निघाला होता. तोंड उघडलंही होतं. ते त्याने तसंच ठेवलं. हात टेबलावर होता, तिथेच राहू दिला. पापणी लवू दिली नाही, श्वास छातीत धरला. लेकीला खोटं पाडायचं नव्हतं त्याला. डोळ्यांत पाणी आलं ते न मिटल्यामुळे, असं तो नंतर स्वतःला सांगणार होता.

नरेल त्याच्याकडे बघत राहिली, लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. "ठेवते हं बाबा," ती हळूच म्हणाली आणि पडदा काळा झाला.

कॉलिनने श्वास सोडला. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: आवाज आणि चित्र कसं होतं? पाचपैकी किती चांदण्या द्याल? इतकी वर्षं तो एक द्यायचा, कधी रागाने तीही नाही. आज त्याने चष्मा पुसून घेतला आणि एकेक करत पाचही दाबल्या.