लाइनवरचा दुसरा आवाज

माझी सून घरातल्या मधल्या खोलीत बसून नोकरी करते. कपाट आणि पलंगाच्या मध्ये जेमतेम मावणारं टेबल, त्यावर कंपनीचा लॅपटॉप, कानाला हेडफोन. कोणाचा फ्रिज बंद पडला की फोन तिच्याकडे येतो. तिचा प्रत्येक फोन एक यंत्र ऐकतं आणि मार्क देतं. जास्त वेळ गप्प राहिलं की मार्क गेले. खोलीतून दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर थेट लाल खूण.

त्या महिन्यात तिचं जेवणात लक्ष नव्हतं. चाळीस जणींमधल्या बाराच जणी ठेवणार, बाकीच्यांचं काम बोलणाऱ्या यंत्राला देणार, असं कळलं होतं. माझ्या मुलाचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"या वयात मार्कांची धास्ती, आई. शाळेत बसल्यासारखं वाटतं," ती म्हणायची.

"अगं, शाळेत मार्क देणाऱ्या बाई निदान दिसायच्या तरी," मी म्हणायचे.

मीही फोनवरच आयुष्य काढलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. लांबलचक हॉल, भिंतीला लागून बोर्ड, आणि त्यात वायरी खोचत ओळीने बसलेल्या आम्ही अठरा जणी. सुपरवायझरबाई पाठीमागून टाचा वाजवत फिरायच्या. आमच्यात एक रीत होती, कोणी लिहून न दिलेली. लाइन रिकामी सोडायची नाही. शेजारणीला ठसका लागला, मध्येच उठावं लागलं, तर आपण तिच्या लाइनवर जायचं आणि म्हणायचं, "लाइनवर आहे." पलीकडे कोणी बाळंतपणाची बातमी ऐकायला ताटकळलेलं असायचं, कोणी दवाखान्यातली. तेवढ्या शब्दांवर माणूस तग धरायचा.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सून नाकाला ओढणी लावून खोलीतून धावत बाहेर आली. घोळणा फुटला होता. मोरीत जाऊन तिने नळ सोडला. मी खोलीत डोकावले. हेडफोन टेबलावर पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता, "हॅलो? अहो, गेलात का तुम्ही?"

मी विचारसुद्धा केला नाही. हेडफोन कानाला लावला. "लाइनवर आहे," म्हटलं.

एक आजोबा होते. "फ्रिज बंद पडलाय हो. आत माझं इन्सुलिन आहे. ते खराब झालं म्हणजे?"

"बाई आत्ता येतील. तोवर औषध शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून या."

"त्यांच्याशी आमचं बोलणं नाही."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"मग औषध पुढे करा आणि गप्प उभे राहा. त्यांना कळेल."

आजोबा हसले. तेवढ्यात मागे सून येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसले ते. स्क्रीनवर लाल ठिपका उमटला होता. तिने हेडफोन घेतला, आजोबांची तक्रार नोंदवली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा."

दुपारी तिच्या टीमलीडरचा फोन आला. सुनेने स्पीकर लावला आणि मला आत बोलावलं. चूक माझी आहे, सुनेची नाही, हे सांगायचं मी ठरवूनच बसले होते.

"सकाळच्या कॉलवर दुसरा आवाज आहे," टीमलीडर म्हणाली. "टीव्ही चालू होता का?"

"नाही मॅडम, त्या..."

"घाईने बोलू नका. टीव्ही असेल तर ती खूण मी पुसू शकते. घरातलं माणूस असेल तर मला वर कळवावं लागतं. आता आठवून सांगा."

मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मी मान हलवली.

"टीव्हीच होता, मॅडम."

"मला वाटलंच. आवाज कमी ठेवत जा." मग ती म्हणाली, "आजोबांचा परत फोन आला होता. औषध ठेवलंय शेजारी."

फोन बंद झाल्यावर सून पलंगावर बसली आणि आधी रडली, मग हसायला लागली. "तीस वर्षं नोकरी केलीत, आणि शेवटी टीव्ही झालात!"

महिनाअखेरीला बारा नावं आली. त्यात सुनेचं होतं. टीमलीडरचं काम मात्र यंत्राकडे गेलं. खुणा लावायच्या आणि पुसायच्या, दोन्ही आता तेच करतं. ती बातमी सांगताना सुनेला स्वतःचा आनंदही नीट करता येईना.

"तिचा नंबर दे मला," मी म्हटलं.

"आई, काय बोलणार तुम्ही तिच्याशी?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी नंबर लावला. दोन मुलांचं भांडण ऐकू आलं, कुकरची शिट्टी झाली, मग तिचा दमलेला आवाज. "कोण बोलतंय?"

"मी हिची सासू."

"आवाज ओळखला मी," ती म्हणाली. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "बोला, आई. आता मार्क द्यायला कोणी ऐकत नाहीये."