बनुबाईचं घासलेट

श्रीरामपूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होऊन साराला आठवडा झाला नव्हता, तोच नगरहून आलेल्या एका माणसाने तिच्या हातात खोकं ठेवलं. शाळेत विज्ञान शिकवणारे तिचे यशया मास्तर वारल्याचं तिला आधीच कळलं होतं. भुसा बाजूला केला तर आत काचेची छोटी बरणी निघाली, आणि खोलीभर घासलेटाचा वास पसरला. त्या वासात तिचं सगळं त्रेचाळीस साल होतं.

त्या वर्षी लढाईपायी घासलेट रेशनवर गेलं होतं. सारा मॅट्रिकला होती. बाप लहानपणीच गेलेला, आई बनुबाई नगरच्या मिशन हायस्कुलात झाडलोट करायची आणि त्या नोकरीमुळेच साराला फी माफ होती. केडगावच्या घरात दिवा लागला तर अभ्यास, नाहीतर राम राम!

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा झाडताना बनुबाईला कपाटात ही बरणी दिसली. आत घासलेट आणि तळाशी हरभऱ्याएवढे दोन मळकट खडे. घासलेटात खडे कोण भिजत घालतं? शिकल्यासवरल्या लोकांच्या एकेक तऱ्हा! तिने घासलेट घरच्या चिमणीसाठी ओतून घेतलं. खड्यांना मात्र हात लावला नाही, मिशनची वस्तू होती ना. पुढचे तीन आठवडे साराने पोटभर अभ्यास केला. घासलेट कुठलं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

शाळा उघडली. मास्तर दिवाळीआधीपासून सांगत होते, सुरीने कापता येईल असा धातू दाखवतो, पाण्यावर नाचताना दाखवतो. लढाईमुळे नवीन मिळत नव्हता. होते ते दोनच खडे. त्या दिवशी नेमके हेडमास्तर वर्ग पाहायला आलेले. मास्तरांनी बरणी काढली आणि त्यांचा हात थांबला. आत पांढरी भुकटी होती.

"घासलेट कुठं गेलं?" हेडमास्तर गरजले. "सोडियम नासलं! ज्याने हे केलं त्याला आजच घरी बसवा."

दारात झाडू घेऊन उभ्या आईचा चेहरा साराने पाहिला आणि तीन आठवडे घरी जळलेलं घासलेट कुठलं, ते तिला उमगलं. आईची नोकरी गेली की आपली शाळाही गेली, एवढं तिला लगेच कळलं.

मास्तरांनीही दाराकडे पाहिलं होतं. "नासलं कुठं, साहेब? सोडियम बरणीतच आहे," ते शांतपणे म्हणाले. "सारा, सोडियमला सोडियम कशामुळे म्हणायचं?"

सारा उठून उभी राहिली. "अणूच्या गाभ्यात अकरा प्रोटॉन असतात म्हणून, सर."

"आणि बाहेर?"

"अकरा इलेक्ट्रॉन."

"घासलेट गेलं, हवा लागली. हवेने एक इलेक्ट्रॉन काढून घेतला. मग?"

"दहा उरले. आयन झाला, सर. पण सोडियमचाच."

"गाभ्यातला एखादा प्रोटॉन कमी झाला?"

"नाही, सर."

मास्तरांनी तार भुकटीत बुडवून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. फिकी ज्योत एकदम पिवळीधमक झाली. "ही सोडियमची खूण. बनुबाई, तुमच्या भाकरीच्या फडक्यात मीठ असेल ना?"

"हाय की, मास्तर. पर जाडं हाय."

"चालेल."

मिठानेही ज्योत तशीच पिवळी झाली. "मिठातही सोडियमचे असेच आयन असतात. धातू पाण्यात पेट घेतो. एक इलेक्ट्रॉन दिला की तोच गुण्यागोविंदाने आपल्या भाकरीत येतो. नाव बदलत नाही, साहेब."

हेडमास्तरांनी वाकून ज्योत जवळून पाहिली. "मग पाण्यावर नाचणार कोण?"

"ते मात्र गेलं. तेवढं नुकसान माझं."

"कपाटाला कुलूप लावा," म्हणून हेडमास्तर निघून गेले. तास संपल्यावर मास्तर ती भुकटी किती तरी वेळ पाहत उभे होते. वर्षभर ते त्या एका तासाची वाट पाहायचे. साराला फार वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी बनुबाईने रेशनच्या बाटलीतलं थोडं घासलेट आणून बरणीत ओतलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. बरणी भरेपर्यंत तिने नेम मोडला नाही. "मास्तर, तुमचं खडं भिजिवलं बगा," असं ती शेवटी म्हणाली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता.

"सर, याला आता घासलेट लागतच नाही," सारा हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. आईला सांगू नकोस," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते उजाडताच प्रयोगशाळा उघडू लागले, म्हणजे साराला शाळेआधी तिथे वाचता यावं.

मास्तरांनी ती बरणी शेवटपर्यंत तशीच सांभाळली होती. तिला डकवलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात 'सोडियम' एवढंच लिहिलेलं. तळाशी भुकटी होती आणि वर आईचं घासलेट. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

घासलेट दोन बोटं उतरलं होतं. त्याचा काही उपयोग नाही, हे सारा आता वर्गाला शिकवणार होती. तिने स्टोव्हची बाटली आणली आणि बरणी गळ्यापर्यंत भरली.