चहाच्या डब्यातला चष्मा

पेइशानच्या सासूबाईंच्या सत्तरीच्या दिवशी तिच्या लेकीचा, सियुनचा, चष्मा चहाच्या रिकाम्या डब्यात सापडला.

"आमाने ठेवलाय," आठ वर्षांची सियुन आजीचं, म्हणजे तिच्या आमाचं, नाव सांगून मोकळी झाली. "फोटोत चष्मा नको म्हणाली. तशी रोजच शाळेतून आले की काढून ठेवते ती."

रोजच? पेइशानने चष्मा डब्यातून उचलला. नंबर एवढा झपाट्याने कसा वाढला, चष्मा दिवसभर असतो ना, असं डॉक्टरांनी कालच विचारलं होतं. तिने छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली. पाहुणे चहाच्या तबकाभोवती बसले होते.

"आई, हा तुम्ही लपवलात?"

"लपवते कशाला? ठेवला," लाल रेशमी कपड्यातल्या सासूबाई हसल्या. "पोरीच्या जातीला आत्तापासून भिंगं? चष्म्याने डोळे आळशी होतात. तुझ्याच काचा बघ, बाटलीच्या बुडासारख्या. बरं, आता चहा ओत."

"लहानपणी मला फळा वाचण्यापुरताच चष्मा मिळायचा, तरी नंबर वाढला. तेव्हा असल्या काचाही नव्हत्या. ही बघा, मध्ये साफ, भोवती बारीक ठिपके. त्यांनी डोळा लांबट होण्याचा वेग कमी होतो. नंबर थांबत नाही, पण मंदावतो. त्यासाठी चष्मा नाकावर लागतो, डब्यात नाही."

"नंबर वाढला तर वाढला. जीव जातो का?"

"डोळा ताणला की आतला पडदा पातळ होतो. माझा गेल्या वर्षी फाटला, लेझरने वाचला. हिचा मी फाटू देणार नाही."

"अगं, एका फोटोपुरतं काय होतंय," आतेसासूबाई पुटपुटल्या.

"बरं. मग माझाही नको." पेइशानने स्वतःचा चष्मा काढून सियुनच्या चष्म्यासोबत तबकात ठेवला आणि वाफाळती किटली उचलली. तबकातले बोटभर उंचीचे कप तिला पांढऱ्या धुक्यासारखे दिसत होते. पहिली धार तबकात पडली, दुसरी सासूबाईंच्या गुडघ्याकडे वळली.

"भाजशील, वेडे!" सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"लग्नात सगळ्यांना चहा देतानाही तुम्ही चष्मा काढायला लावला होता. सगळे म्हणाले, सून किती लाजाळू, मान वर करत नाही. मी लाजत नव्हते आई. कप शोधत होते."

आतेसासूबाईंना फस्सकन हसू आलं आणि तिथेच विरलं. कोपऱ्यात सियुन वाफवलेल्या पावाला नाक टेकवून त्यातलं सारण बघत होती. सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चिमुकला चष्मा उचलून आपल्या नव्याकोऱ्या रेशमाने पुसला आणि नातीच्या नाकावर चढवला.

"तूही घाल गं," त्या सुनेला म्हणाल्या. "माझ्या फोटोत मला बघणारी माणसं हवीत."

त्या डब्यात आता फक्त चहा असतो. आपणही आपापल्या घरातले डबे एकदा उघडून बघूया. लोक काय म्हणतील या भीतीने लेकरांचे चष्मे काढून घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. लोक चहा पिऊन घरी जातात, पण डोळे त्या लेकराला जन्मभर पुरवायचे असतात.