उलटं ओवाळणं

विजय नगरच्या फ्लॅटमध्ये वेदांगचा अकरावा वाढदिवस होता, आणि त्याची चुलत बहीण यशश्री ओवाळणीचं तबक घेऊन तोंड फुगवून उभी होती. वेदांगला बॅडमिंटन तिनेच शिकवलं, अगदी रॅकेट धरण्यापासून. आणि आज दुपारी कॉलनीतल्या पोरांसमोर त्याने तिला हरवलं. वर खिदळलाही. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं, पण तिने घेतलं.

दारावरची बेल वाजली. "यशू, तू सुरू कर ग, मी बघते," म्हणत वेदांगची आई, मनीषाकाकू बाहेर गेल्या.

"ताई, काहून थांबून राहिली?" पाटावरून वेदांग म्हणाला. "जल्दी कर ना, भूक लागली."

यशश्रीने त्याला कुंकू लावलं, तेही जरा जोरातच. अंगठी-सुपारी कशीबशी ओवाळली आणि मग रागारागाने निरांजन उलटं फिरवलं. सगळे जसं ओवाळतात, त्याच्या बरोबर उलट.

वेदांगचे पुढचे दात दिसेनासे झाले. कुडत्याच्या बाह्या हाताखाली लोंबायला लागल्या. पाटावर सहा वर्षांचा वेदांग बसला होता.

"ताई, मला शटल मारताच येत नाही. शिकवशील?"

यशश्री घाबरली, पण तिला बरंही वाटलं. पहिली फेरी रागाच्या भरात झाली, असं म्हणता आलं असतं. दुसरी तिने जाणूनबुजून फिरवली.

आता कुडत्याच्या ढिगात एक बाळ होतं. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून दोन्ही हात वर केले, घे म्हणून. दुसऱ्या कोणाकडे जायचं त्याच्या मनातही नसावं.

यशश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईघाईने निरांजन सुलटं फिरवलं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं. बाळ तसंच. तूप संपत आलं होतं, वात चरचरायला लागली, आणि काकूंचा आवाज जवळ येत होता.

दुपारचा राग मनात तसाच ठेवून ती ओवाळत होती. आपण किती कोत्या मनाचे आहोत, हे तिला कळलं आणि तिचे कान तापले. ती बाळासमोर गुडघ्यांवर बसली.

"तू चांगला खेळलास, वेदू. मला ते बघवलं नाही. तू लहानच राहावास असं मला वाटलं." तिला रडू फुटलं. "पुन्हा हरव मला. रोज हरव. पण परत ये."

तिने निरांजन हळूहळू दोनदा सुलटं फिरवलं. वात विझली.

"रडून काहून राहिली?" अकरा वर्षांचा वेदांग सगळे दात दाखवत विचारत होता. त्याला काहीच आठवत नव्हतं.

काकू आत आल्या. "झालं का ओवाळून? चल रे, ताईच्या पाया पड."

वेदांग वाकला. यशश्रीने पाय मागे घेतले. तिचा हात त्याच्या डोक्यावर जाईना.

"अगं, आशीर्वाद तर दे," काकू म्हणाल्या.

घरात सगळेच देतात, तोच आशीर्वाद तिला द्यायचा होता. खाली मान घालून, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात तिने तो दिला.

"मोठा हो."