पापणी लवली

"लवली," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खोड्यात, जनावर जखडायच्या चौकटीत, कोसळलेल्या रेड्याच्या डोळ्याला त्यांनी बोट लावलं होतं. म्हणजे जनावर अजून शुद्धीवर होतं. नेमबाजानं दोन्ही हातांनी पिस्तूल धरून कपाळावर दुसरा बार टाकला, तेव्हा कुठे ते निपचित झालं.

कत्तलखान्यात सगळे त्याला नेमबाजच म्हणत. सव्वीस वर्षांत दुसऱ्या बाराची वेळ आली नव्हती हो! कायदा साफ होता: सुरी लागण्याआधी जनावराची शुद्ध हरपलेली असली पाहिजे, त्याला काही म्हणता काही कळता कामा नये. तोंडानं कायदा सांगणारे पुष्कळ होते, जिवाला लावून घेणारा हा एकटा. पण महिन्यापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. सकाळी सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायची.

"काडतूस दमट असणार," मुकादम घाईनं म्हणाला. तो नेमबाजाच्या बायकोचा सख्खा भाऊ. "काय दाजी, दमटच ना?"

"मग काडतुसं सांभाळणाऱ्या कोठीवाल्याला जाब विचारावा लागेल," बाई म्हणाल्या.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. नुसती मान डोलावली की सुटला. पण पडल्या पडल्या त्या रेड्यानं त्याच्याकडे पाहिलं होतं.

"काडतूस चांगलं आहे, बाई. हात गेलाय माझा."

"अहो दाजी, डोकं फिरलं का तुमचं!"

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"महिना झाला. लाज वाटली सांगायला. भीतीही वाटली. बाकीची सगळी एका बारात पडली, बाई. आज हा..."

बाईंनी परवाना मागितला. त्यानं गळ्यातून काढून दिला. परवान्याचा दुसरा माणूस नव्हता, काम बंद पडलं. मागच्या कुंपणात नऊ रेडे खोळंबले.

मुकादम शोधत आला तेव्हा नेमबाज तिथंच होता.

"आता इथं काय करताय? घरी जा. उद्या नवा माणूस येतोय, तो बघेल."

"उद्यापर्यंत तहान लागेल ना त्यांना. पाणी पाजायला परवाना लागत नाही."

त्यानं नळ सोडला. हौद भरू लागला तसे रेडे एकेक करून पुढे आले. सवयीनं त्याची नजर पहिल्याच्या कपाळावर गेली, नेमक्या जागी. त्यानं ती खाली पाण्याकडे वळवली.