अकरा दिवस माझ्यापाशी राहिलेलं पत्र

“खाल्लं! आजी, तुझ्या त्या काळ्या डबड्यानं माझं पत्र खाल्लं!”

“डबडं म्हणायचं नाही त्याला.”

“मग काय म्हणू? श्रीदेवीला नोकरीचं पत्र येऊन अकरा दिवस झाले, तिनं होकारसुद्धा कळवला. माझी ईमेलची पेटी रिकामी! आता सिरुसेरीला कंपनीत फोन केला तर म्हणतात, तुमचं पत्रही त्याच दिवशी पाठवलंय, आज पाचच्या आत उत्तर आलं नाही तर जागा दुसऱ्याला. अय्यो आजी, साडेतीन झाले!”

“ओरडू नकोस गे. कान शाबूत आहेत माझे.”

ते डबडं म्हणजे मी. माझ्यावर एवढा मोठा आरोप चाललाय आणि मला तोंड नाही, म्हणून इथेच बोलून घेतो.

मी एक एडिटर. वर्तमानपत्रातला नव्हे; कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा प्रोग्राम. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. मला कुणा एकानं घडवलं नाही. देशोदेशींच्या शेकडो माणसांनी फावल्या वेळात थोडं थोडं लिहून मला मोठं केलं आणि फुकट वाटून टाकलं. फुकटच्या वस्तूला माणसं किती मान देतात हे मी इथे चेन्नईत आल्यावर पाहिलं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मी होतो. सैदापेटच्या या घरातले बालाजीराव बँकेत ऑफिसर. त्यांनी ती सीडी वर्षभर फोनखाली ठेवली, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून.

तिथून मला उचललं त्यांच्या आईनं, धनलक्ष्मीनं. रजिस्ट्रार कचेरीत कारकून होती, तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण टायपिंगची हायर परीक्षा पहिल्या वर्गात पास. माझं माहितीपुस्तक तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं, त्याचे चार गठ्ठे झाले. ते इंग्रजी तिनं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. दोनदा मला पार मोडलं आणि दोनदा कुणालाही न विचारता परत उभं केलं. शिकवायला आलेल्या प्रत्येकाला तिनं कॉफी दिली आणि दारापर्यंत पोचवलं.

लिहिणं हे माझं मूळ काम. पण मला टपालही आणता येतं, हे तिनं तिसऱ्या गठ्ठ्यात वाचलं. घराचा ईमेलचा पत्ता एकच. त्यावर आलेली पत्रं इंटरनेट कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर जमतात. ते गाव कुठलं, मलाही ठाऊक नाही. सकाळी सहाला, कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत, ती फोनची तार जोडते. मोडेम किंचाळतो. मी तिकडे जातो, नाव आणि परवलीचा शब्द सांगतो, सगळी पत्रं घेऊन येतो आणि तिकडची पेटी पुसून टाकायला सांगतो. ही माझी रीत. ती पेटी इतकी लहान, की भरली तर येणारी पत्रं माघारी जातात.

आणलेली पत्रं मी नावांप्रमाणे तीन फायलींत घालतो: धनलक्ष्मीची, बालाजीरावांची, नातीची म्हणजे कीर्तनाची. हा नियम तिनंच लिहून दिला. एक नियम मात्र लिहिलेला नाही, तो ती नुसता पाळते. दुसऱ्याचं पत्र ती उघडत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तंजावरहून येणारं आईचं प्रत्येक पत्र तिला सासऱ्यांनी फोडून वाचून झाल्यावर मिळायचं. हे तिनं बंगळूरच्या बहिणीला लिहिलं होतं, माझ्याच पडद्यावर, इंग्रजी अक्षरांतल्या आपल्या जुन्या मराठीत.

पत्र उघडलं नाही तरी ते कुणाचं, कधीचं, कशाबद्दल, एवढी एक ओळ यादीत दिसतेच. संध्याकाळी कीर्तना विचारायची, “आजी, मज काही?” आजी यादी पाहून सांगायची. तीन वर्षं असं बिनबोभाट चाललं. बाकीच्या मुलींनी स्वतःचे पत्ते काढले होते. बालाजीरावांना ते थिल्लर वाटे. नोकरीच्या अर्जावरही त्यांनी घरचाच पत्ता घालायला लावला.

मग महिन्यापूर्वी श्रीदेवी घरी आली. माझा पडदा पाहून हसली. मैत्रिणीसमोर कीर्तनालाही चेव आला. “आजीचं डबडं गे! म्युझियमवाले मागतायत, ती देत नाही.” दोघी खिदळल्या. आजी आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज थांबला, एवढं मला ऐकू आलं.

त्या दिवसापासून कीर्तनानं विचारणं सोडलं. टी. नगरला साड्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर ब्राउझिंग सेंटर आहे, तिथून ती पेटी पाहू लागली. मी सकाळीच सगळं घेऊन आलेला असायचो. पेटी रोज रिकामी. मी तिकडे काही ठेवत नाही, हे आजीनं तिला पूर्वी नीट सांगितलं होतं. तेव्हा ती “सेरी, सेरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत चप्पल घालत होती. अकरा दिवस ती पोरगी आपण नापास झालो असं समजून गप्प जेवत होती.

असो. भांडणाकडे येतो.

आजी खुर्चीत बसली. तिनं कीर्तनाची फाइल उघडली आणि उठून उभी राहिली. “वाच. तुझं आहे.”

पत्र होतं. सगळं होतं, अगदी हुद्दासुद्धा.

“माउस कुठाय?” कीर्तनाचा हात टेबलावर चाचपडत होता.

“नाही लागत. लिही.”

पोरीनं पहिल्यांदा माझ्यावर बोटं ठेवली. बालाजीराव मागे उभे राहून स्पेलिंग सांगत होते, ती “अप्पा, गप्प!” म्हणत होती. कुठल्या कळांनी पाठवायचं ते आजीनं सांगितलं. मोडेम किंचाळला. चार बावीसला उत्तर गेलं. कीर्तनानं लगेच फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, मिळालं, एक तारखेला सर्टिफिकिटं घेऊन या. फोन ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून रडली.

इथे संपायला हवं होतं. पण संकट टळल्यावर माणसांना गुन्हेगार लागतो.

“पोदुम!” बालाजीराव म्हणाले. पुरे झालं, असं. “उद्या रिची स्ट्रीटवरून कॉम्प्युटरचा माणूस आणतो आणि हे सगळं पुसून टाकतो. आज पोरीचं आयुष्य गेलं असतं याच्यापायी.”

“पुसून टाकाच, अप्पा,” कीर्तना नाक ओढत म्हणाली. “पत्र गिळून बसतं म्हणजे काय?”

मला पुसायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मला दुखत नाही, भीतीही वाटत नाही. अशी कितीतरी यंत्रं माणसांच्या चुका घेऊन अडगळीत गेली. मीही गेलो असतो. पण तुम्हाला खरं ते सांगतो. पत्र आलं त्या सकाळी ती ओळ यादीत वर होती. कंपनीचं नाव, पुढे ‘नेमणूक’. धनलक्ष्मीनं ती वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. अकराही दिवस ती त्या ओळीवर येऊन थांबायची, दाराकडे पाहायची आणि मला बंद करायची. येऊन विचारेल तेव्हा सांगेन, असं तिचं चाललं होतं.

हे मला आणि तिलाच ठाऊक. मी बोलू शकत नाही. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर कधीच कुणाला कळलं नसतं.

बालाजीराव माणसाचा नंबर शोधायला डायरी चाळू लागले. धनलक्ष्मी पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मुलाकडे पाठ आणि नातीकडे तोंड करून.

“त्याला हात लावू नकोस बालाजी, पत्र आलं त्याच सकाळी त्यानं मज दाखवलं, हिला सांगितलं नाही ते मी.”