तळावडीवरचं आमंत्रण

सुरतेतल्या लिंबायतहून पलसाण्याला जायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या आणि वर हायवेवर उन्हात ताटकळायचं. उखा पाटलाने चार दिवसांत ही खेप तिसऱ्यांदा केली. साठी ओलांडलेला माणूस, लूमवर उभं राहून राहून पायाच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या, आणि त्यात हे कागदांचं लचांड. पक्ष्यांचं भलं करायला गेले आणि स्वतःच गोत्यात आले, असं त्याची बायको इंदुबाई दिवसातून चारदा म्हणायची. खोटं म्हणत नव्हती बिचारी.

जमीन तरी केवढी, दोन वीघे, म्हणजे एकरभर. डाइंगच्या कारखान्यांमागची, खोलगट, मधोमध तळावडी, म्हणजे लहानसं तळं. तिथे चार लूम टाकायचं स्वप्न कधीच विरलं होतं. वेडी बाभूळ माजली, पाण्यावर जलपर्णी पसरली. दोन वर्षांपूर्वी पलसाण्यात ऑफिस असलेली एक संस्था आली. तिथली योगिता नावाची मुलगी उखासारखीच जळगावकडची निघाली. काका, जमीन तुमचीच राहील, आम्ही फक्त पाणपक्षी परत आणतो, म्हणाली. बाभूळ निघाली, जलपर्णी निघाली, काठाच्या दगडी पायऱ्याही निघाल्या, कारण पक्ष्यांना उतरता, उथळ चिखल लागतो. आणि खरंच, शराटी उतरल्या, टिबुकल्या बुड्या मारायला लागल्या. रविवारी उखा जाऊन नुसता बघत बसायचा. जन्मभर दुसऱ्याचं सूत विणलं, हे मात्र आपलं, असं त्याला वाटायचं.

करारात त्याच्या बचावाचं कलम होतं. योगिताने ते वाचून दाखवलं होतं. संस्थेने आणलेल्या माणसाला काही झालं तर भरपाई संस्थेची. कुणी न विचारता घुसला तर मालकावर बोट नाही. मालकाने स्वतः कुणाला बोलावलं तर मात्र जोखीम त्याची. उखाने मान डोलावली. मी कशाला कुणाला बोलावतोय त्या चिखलात!

आणि श्रावणात बोलावलंच की. यंदा तापी फुगली, ओवाऱ्यांवर, म्हणजे नदीच्या घाटांवर, पोलिसांनी दोर बांधले, आणि गल्लीत बसवलेली कानबाई देवी विसर्जनाला कुठे न्यायची याचा बायांना घोर पडला. खानदेशी माणसाला सुरतेत कितीही वर्षं होवोत, कानबाईचं विसर्जन अडलं तर घास गोड लागत नाही. उखा छाती काढून म्हणाला, माझी तळावडी आहे ना. इंदुबाईला घेऊन तो दारोदार फिरला. ती एकेकीला कुंकू लावून आमंत्रण देत गेली. पुष्पाबाईच्या दाराशी मात्र तिचा हात थबकला. पुष्पाबाईचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गल्लीत तिला कुणी कुंकू लावत नसे. उखाच म्हणाला, लाव गं, कानबाई काय नवरा विचारून येते का? पुष्पाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सोमवारी सकाळी बाया वाजतगाजत आल्या. उखा गेटावरून ओरडला, पायऱ्यांनी उतरा. कसल्या पायऱ्या आणि कसलं काय! दोन वर्षांपूर्वी काढलेल्या पायऱ्या त्याच्या डोक्यात अजून जागच्या जागी होत्या. पुष्पाबाई सगळ्यांच्या पुढे होती. पायरी समजून तिने पाय टाकला, चिखलावरून घसरली आणि खुबा मोडला.

तिचा मुलगा योगराज रिक्षा चालवतो. ऑपरेशन झालं, आई सहा महिने अंथरुणात राहणार, तो काय करणार? त्याने वकिलाकडून उखाला आणि संस्थेला नोटीस धाडली. दावा लागला तर जमीन जाणार, उखाकडे दुसरं होतं काय? आणि घेणारा पहिल्याच दिवशी भराव टाकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

योगिता वाईट मुलगी नव्हती, त्याच्या काळजीनेच बोलली. गेटावर प्रवेशबंदीची पाटी आहे, तेव्हा बाया आपल्या मनाने आल्या, मी बोलावलं नव्हतं, एवढं लिहून द्या, कलम तुम्हाला सांभाळून घेईल, असं तिने समजावलं. दोन खेपा तो नाही म्हणत राहिला. तिसऱ्या खेपेला त्याच्यात नाही म्हणण्याचंही त्राण उरलं नाही. टाकली सही.

परत येताना तो दवाखान्यात गेला. पुष्पाबाई त्याला बघून हसली. बसायला सांगितलं, इंदुबाईची चौकशी केली, मग पोराकडे हात करून म्हणाली, "याला मी सांगितलं, दावाबिवा काही लावायचा नाही. ज्यांनी कुंकू लावून नेलं, त्यांना कोर्टात उभं करायचं का?"

योगराज उखाला बाहेर घेऊन गेला आणि मोबाइल पुढे धरला. नोटिशीला उत्तर म्हणून संस्थेकडून उखाच्या कागदाचा फोटो वकिलाकडे आला होता, खाली उखाची वाकडी सही. "आईला अजून दाखवला नाही," तो म्हणाला.

उखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच जिना उतरून जावं असं फार वाटलं. पण तो परत आत गेला आणि खाटेशी उभा राहिला.

"पुष्पाबाई, मी लिहून दिलं. तुम्ही बोलावल्याशिवाय आल्या, असं."

पुष्पाबाईचा हात कपाळावर गेला. दवाखान्यात कुंकू कधीच पुसलं गेलं होतं.

"मंग ते कुंकू कसलं व्हतं, भाऊ?"

उखाला रडूही येईना, इतका तो शिणला होता. बाहेर येऊन त्याने योगराजला सांगितलं की तो कागद मागे घ्यायला जातोय, मी बोलावलं होतं असं लिहून देणार. पायऱ्यांचंही लिहिणार.

"तसं लिहिलं तर मी दावा लावीन, काका," योगराज म्हणाला. "आई काही म्हणो. मला तिला उभी करायचीय."

"लाव," उखा म्हणाला. "पण आता मला पलसाण्याला सोड. माझ्याच्याने परत रिक्षा बदलवत नाही."

योगराजने खिशातून रिक्षाची किल्ली काढली.